साडेआठच्या आधीचे तास

गुरुवार, ११ मे २०२३. परभणी जिल्ह्याच्या सोनपेठ तालुक्यात, भाऊचा तांडा शिवारातल्या एका आखाड्यावर शौचालयाची टाकी साफ करायला सहा मजूर आले होते. रात्री आठ-साडेआठच्या सुमारास त्यांतले पाच जण गुदमरून मेले. सहाव्याला गंभीर अवस्थेत दवाखान्यात हलवावं लागलं. मेलेले बहुतेक एकमेकांच्या नात्यातले होते.

वाशिमहून सोनपेठ काही फार लांब नाही. हिंगोली ओलांडली की परभणी जिल्हा लागतो. तांडा म्हटलं की आमच्या डोळ्यांसमोर मानोऱ्याकडचा, पोहरादेवीच्या वाटेवरचा तांडा येतो, आणि शौचालयाची टाकी तर सगळीकडे सारखीच. बातमी आली तेव्हा आमच्या गल्लीत पहिलं वाक्य ऐकू आलं ते असं : "उतरायच्या आधी पाहायचं नाही का त्यांनी?" पाच माणसं गेली आणि दोषही त्यांच्याच माथी मारून मंडळी मोकळी झाली. ते वाक्य मला तेव्हाही सहन झालं नाही, आजही होत नाही. त्यानंतर मी गवंड्यांशी, नळकाम करणाऱ्यांशी, उपशाच्या टँकरवाल्यांशी बोलत राहिलो, टाक्यांविषयी हाती लागेल ते वाचत राहिलो. त्यातून एक गोष्ट पक्की झाली. रात्री साडेआठला त्या माणसांच्या हातात काहीही उरलेलं नसतं. जे काही करता येण्यासारखं असतं ते आधीच्या तासांत आणि आधीच्या वर्षांत असतं, आणि तेही बहुतेक दुसऱ्यांच्या हातात. म्हणून हा घटनाक्रम त्या रात्रीपासून मागे, पार घराचा पाया खणला जातो त्या दिवसापासून मांडतो आहे. कुठल्याही घरच्या टाकीत तो असाच घडतो.

काही वर्षं आधी : घर बांधताना

घरातलं सांडपाणी दोन वाटांनी बाहेर पडतं. न्हाणीचं आणि स्वयंपाकघराचं पाणी तीन इंची पाइपातून, संडासचं चार इंची पाइपातून. दोन्हींच्या तोंडाशी ट्रॅप असतो, म्हणजे पाइपाचा तो वाकडा भाग ज्यात कायम पाणी साचून राहतं. संडासच्या भांड्याखाली हे पाणी साधारण दोन इंच उंच असतं. घरातली माणसं आणि टाकीतला वायू यांच्यामध्ये एवढाच काय तो पडदा. महिनाभर घर बंद राहिलं आणि न्हाणीच्या जाळीखालचं पाणी सुकलं की घरात शिरताच जो दर्प येतो तो उंदीर मेल्याचा नसतो, टाकीचा असतो. हाँगकाँगमध्ये २००३ साली अमॉय गार्डन्स नावाच्या वसाहतीत तीनशेवर रहिवाशांना सार्सची लागण झाली. तिथे तपासात बोट अशाच सुकलेल्या ट्रॅपकडे गेलं : न्हाणीच्या फरशीतले ट्रॅप कोरडे पडले होते आणि मैल्याच्या पाइपातली हवा पंख्याच्या ओढीने घराघरांत शिरत होती.

ट्रॅपच्या पुढे चार इंची पाइप उतारावर टाकतात. चाळीस फुटांना एक फूट उतार पुरतो. उतार कमी पडला तर मैला पाइपातच बसतो, आणि अतिरेकी दिला तर पाणी पुढे पळतं, जड ते मागे राहतं. पाइप जिथे वळतो तिथे चेंबर हवा, म्हणजे तुंबलं तर बांबूने मोकळं करता येतं. मग टाकी. टाकीत जड ते तळाशी बसतं, हलकं ते सायीसारखं वर जमतं, मधलं पाणी पुढच्या शोषखड्ड्यात जातं आणि जमिनीत मुरतं. तळाचा गाळ जिवाणू हळूहळू खातात. हे जिवाणू हवेशिवाय जगणारे आहेत, आणि त्यांच्या कामातून जे निघतं त्यात मिथेन, कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड असतं. हे वायू बाहेर जावेत म्हणून टाकीवर व्हेंट पाइप असतो. भारतीय मानक २४७० सांगतं की तो किमान पन्नास मिलिमीटर व्यासाचा असावा, आणि टाकी घराला लागून असेल तर त्याचं तोंड घराच्या माथ्याच्याही दोन मीटर वर असावं.

आता आमच्या भागातल्या टाक्या पाहा. वाशिमच्या जुन्या वस्तीत पंधरा फुटी बोळ, त्यात नाली, आणि घराच्या पुढच्या पडवीखाली टाकी. व्हेंट पाइप असलाच तर दरवाजाच्या उंचीला संपतो, कारण गच्चीपर्यंत नेला तर घराची शोभा जाते म्हणे. टाकीच्या झाकणावर पुढे कधीतरी फरशी बसते. जमीन काळी, पावसाळ्यात ती फुगते आणि पाणी मुरवायचं सोडून देते, म्हणून शोषखड्डा वर्षातले चार महिने भरलेलाच. काही ठिकाणी तर शोषखड्डाच नाही, टाकीचं पाणी सरळ नालीत.

एक प्रसंग जवळून पाहिलेला आहे. गल्लीतल्या एका घरी संडास तुंबला. टँकरवाला आला आणि विचारता झाला, "टाक्याचं झाकन कुठी आहे, काका?" काकांनी मुलाकडे पाहिलं, मुलाने आईकडे. घर काकांच्या वडिलांनी बांधलेलं, ते आता नव्हते. शेवटी शेजारच्या मिस्त्रीने पहारीच्या मागच्या टोकाने फरशी ठोकत ठोकत पडवीभर फेरी मारली. तुळशीजवळ आवाज पोकळ आला. तिथल्या चार फरश्या फोडल्यावर दोन फुटी चौकोनी झाकण निघालं, सिमेंटने पक्कं बंद केलेलं. ते छिन्नीने उचकटलं तेव्हा आतून जी वाफ आली तिने मिस्त्री दोन पावलं मागे सरकला. त्या टाकीत दोन कप्पे होते आणि झाकण मात्र एकच. दुसऱ्या कप्प्याकडे जायची वाट मधल्या भिंतीतल्या एका भोकातून, आतूनच.

हे घर बांधलं गेलं त्याच दिवशी ठरून गेलं होतं की पुढेमागे इथे कोणालातरी आत उतरावं लागेल.

दोन-तीन वर्षं आधी : उपसा राहून जातो

टाकीतला गाळ दोन-तीन वर्षांनी उपसायचा असतो. सरकारी मार्गदर्शनातही हेच आहे. आपण उपसतो कधी? तुंबेल तेव्हा. पंधरा-पंधरा वर्षं हात न लावलेल्या टाक्यांविषयी कुटुंबं अभिमानाने सांगतात, "आमचं टाकं कधी भरतच नाही." टाकी भरलेलीच असते, गाळ वरपर्यंत आल्यामुळे मैला न थांबता पुढे शोषखड्ड्यात किंवा नालीत जात असतो, एवढंच.

टाकी तोंड उघडून बोलत नसली तरी कळवते. बादली ओतली की भांड्यातून गुडगुड आवाज येतो. न्हाणीच्या जाळीतून पाणी उलटं वर येतं. पावसाळा संपला तरी चेंबरभोवतीची माती ओली राहते. या वेळी टँकर बोलावला तर काम तासाभराचं. पण आधी दुकानातून ॲसिड येतं. ॲसिड टाकीत गेलं की गाळ खाणारे जिवाणू मरतात आणि गाळात बांधलेलं सल्फाइड वायू होऊन सुटतं. म्हणजे तुंबलेलं मोकळं करायला म्हणून जे ओतलं त्याने आतला धोका वाढवून ठेवला. हे एकाही बाटलीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं मी पाहिलेलं नाही.

त्या दिवशी, सकाळ

मे महिना. पावसाळ्याआधी टाकी उपसून घ्यावी हा विचार शहाणपणाचाच आहे, म्हणून ही कामं मे महिन्यात निघतात. ठाण्यात ढोकाळीच्या एका गृहसंकुलात सांडपाणी प्रक्रियेच्या टाकीत तीन कामगार मेले तोही मेच होता, २०१९चा. आणि हाच महिना सर्वांत वाईट. आमच्याकडे पारा चाळिशीच्या वर. उष्णतेत जिवाणूंचं काम वेगाने चालतं, वायू जास्त तयार होतो, आणि पाणी आटून गाळ घट्ट झाल्यामुळे तो गाळातच अडकून राहतो. वारा नसतो. बाहेरची हवा तापून हलकी झालेली, टाकीतली गार आणि जड. झाकण उघडं ठेवलं तरी हवा पालटत नाही.

सकाळी अजून सगळं हातात असतं. टँकरला फोन करता येतो. केंद्र सरकारने गटार आणि टाक्यांच्या यांत्रिक सफाईसाठी १४४२० हा क्रमांक जाहीर केलेला आहे. पण शेतातल्या आखाड्यापर्यंत टँकरची वाट नसते, किंवा टँकरपेक्षा माणसं स्वस्त पडतात, किंवा टँकर येऊन पातळ तेवढं ओढून गेलेला असतो आणि खालचा घट्ट थर उरलेला असतो. यातलं कुठलंही कारण पुरतं. मग माणसांना निरोप जातो.

दुपार

झाकण निघतं. जाणता माणूस असेल तर ते तसंच उघडं ठेवून थोडा वेळ थांबतो. आमच्याकडे जुनी विहीर उतरायच्या आधी कंदील सोडायची रीत आहे : कंदील विझला तर उतरायचं नाही. टाकीवरही काही जण तेच करतात. विहिरीच्या कार्बन डायऑक्साइडसाठी ती रीत ठीक होती, कारण तिथे प्राणवायू कमी पडतो आणि ज्योत विझते. हवेत प्राणवायू साधारण २१ टक्के असतो, १९.५च्या खाली गेला की जागा धोक्याची मानतात. पण हायड्रोजन सल्फाइड माणूस मारतो तो प्राणवायू संपवून मारत नाही. हवेच्या दहा लाख भागांत हजार भाग, म्हणजे टक्क्याचा दहावा हिस्सा, एवढा तो असला की पुरे. तेवढ्याने ज्योतीला काही होत नाही. कंदील लख्ख जळत राहतो आणि खाली उतरलेला माणूस पडतो. वर मिथेन असला तर कंदीलच भडका उडवतो. तोंडाला बांधलेल्या रुमालाचा या दोन्हींपुढे काडीचा उपयोग नाही.

पहिले तास सहसा निभावून जातात, आणि घात तिथेच होतो. वरचं पाणी बादलीने, पंपाने निघतं. माणूस शिडीवर उभा राहून काम करतो, डोकं झाकणाच्या जवळ असतं. वास येतो, मळमळतं, डोळे चुरचुरतात, पण काम होतं. वर उभ्या असलेल्या मालकालाही दिसतं की काम होतं आहे. "दोन तास झाले, काही झालं नाही," या वाक्याने पुढची पायरी उतरली जाते.

पाच ते सात

पाणी संपलं. आता गाळ. फावडं पहिल्यांदा त्या थरात शिरतं.

या क्षणापाशी मी वाचकांना थांबवतो, कारण सगळा घटनाक्रम इथे वळतो. इतका वेळ वायू गाळात कैद होता. फावड्याने, पावलांनी गाळ ढवळला की तो एकदम सुटतो. झाकण उघडं ठेवून चार तास झाले असतील, आधीच्या चार तासांत कोणालाही काही झालं नसेल, तरी या एका मिनिटात टाकीतली हवा बदलते. सकाळी यंत्राने मोजून हवा चांगली निघाली असती तरीही. म्हणूनच जिथे हे काम नियमाने होतं तिथे वायू मोजायचं यंत्र उतरणाऱ्याच्या अंगावर असतं आणि काम चालू असेतो मोजत राहतं. पंख्याने ताजी हवा तळापर्यंत नळीतून सोडत राहतात.

हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड आहे. तो तळाशी, गाळाच्या लगत, वाकून काम करणाऱ्याच्या नाकातोंडाच्या उंचीला जमतो. आणि त्याची सर्वांत वाईट खोड वेगळीच. अगदी थोडा असला की सडक्या अंड्यांचा वास येतो, तो आपण सगळे ओळखतो. प्रमाण वाढून दहा लाखांत शंभर भागांच्या आसपास गेलं की काही मिनिटांत नाकाची वास घ्यायची शक्तीच मरते. माणसाला वाटतं वास गेला, हवा सुटली. तो वर ओरडून सांगतो की आता बरं वाटतंय. वर उभे असलेलेही निश्चिंत होतात.

"पाहायचं नाही का त्यांनी," असं म्हणणाऱ्यांनी हे समजून घ्यावं. पाहण्यासारखं तिथे काही नसतं, आणि ज्या नाकाच्या भरवशावर माणूस उतरतो तेच पहिल्यांदा दगा देतं.

पावणेसातनंतर

सोनपेठ भागात त्या दिवसांत सूर्य पावणेसातच्या पुढे मावळतो. मागे उरतो तो अंधार, विजेरीचा किंवा मोबाइलचा उजेड, आणि काम उरकायची घाई. दिवसाची मजुरी ठरलेली असते; उरलेल्या कामासाठी उद्या पुन्हा यायचं म्हणजे उद्याची मजुरी बुडवायची. दिवसभर उन्हात राबलेलं शरीर जोरजोराने श्वास घेतं, म्हणजे दर मिनिटाला जास्त हवा आत जाते, जी काही असेल ती. अंधारात खालच्या माणसाचा चेहरा दिसत नाही, तोल जातोय का तेही दिसत नाही. वरच्याला कळतं ते आवाज थांबल्यावर.

साडेआठ : पहिला श्वास

दहा लाखांत पाचशे ते सातशे भाग : माणूस अडखळतो आणि पाच मिनिटांत कोसळतो. हजाराच्या आसपास : एक-दोन श्वासांत शुद्ध जाते. हा वायू पेशींना प्राणवायू वापरूच देत नाही, मेंदूतलं श्वासाचं केंद्र बंद पाडतो. ओरडायला वेळ मिळत नाही, शिडीकडे वळायलाही नाही. माणूस उभ्या उभ्या गाळात कोसळतो, आणि तोंड गाळात गेलं तर वायूचं काम गाळ पुरं करतो.

पहिलं मिनिट

दुसरा उतरतो.

तो उतरणारच. खाली भाऊ आहे, मेव्हणा आहे, चुलतभाऊ आहे. ही कामं करणारी टोळी घरचीच असते, कारण परका माणूस या कामाला येत नाही. आपल्या समाजात खाली पडलेल्या सख्ख्याला टाकून कडेला उभं राहणं कोणी कोणाला शिकवलेलं नाही, आणि शिकवलं असतं तरी त्या मिनिटात ते आठवलं नसतं. तो घाईने उतरतो, धावपळीने त्याचा श्वास आधीच फुललेला असतो, दोन्ही हातांनी पडलेल्याला ओढतो आणि ओढताना गाळ आणखी ढवळतो. तिसरा उतरतो तो दोघांसाठी.

माणसं एकामागून एक जातात ती अशी. पुणे जिल्ह्यात लोणी काळभोरजवळ कदमवाकवस्तीत २ मार्च २०२२ रोजी एका निवासी इमारतीच्या टाकीत चार जण गेले. मुंबईत गोवंडीच्या एका गृहनिर्माण संस्थेच्या टाकीत २३ डिसेंबर २०१९ रोजी तिघे. एकाच टाकीत एकापेक्षा जास्त माणसं मेल्याची बातमी वाचली की त्यांतला निदान एक जण दुसऱ्याला वाचवायला गेला असणार असं मी आता धरूनच चालतो.

या मिनिटात एकच गोष्ट उपयोगाची असते आणि ती दुपारीच बांधून ठेवलेली असावी लागते : उतरणाऱ्याच्या छातीला-मांड्यांना पट्टा, पट्ट्याला दोर, दोराचं दुसरं टोक झाकणाबाहेर तिपाईच्या कप्पीवर. खाली पडला की वरच्यांनी ओढायचं, कोणी आत जायचं नाही. दोर नसेल तर अग्निशमन दलाला १०१वर फोन, आणि ते स्वतःची हवा पाठीवर घेऊन येईपर्यंत बाकीच्यांना मिठी मारून का होईना, पण वर अडवून धरायचं. हे लिहिताना मला माहीत आहे की हे किती कठीण आहे.

दहावं मिनिट आणि पुढे

गाव गोळा होतं. शेतातल्या आखाड्यापर्यंत अग्निशमनची गाडी यायला किती वेळ लागतो ते ग्रामीण भागात राहणाऱ्यांना सांगायला नको. वायूने कोसळलेल्याला जो काही अवधी असतो तो मिनिटांचा. त्या रात्री भाऊचा तांडा शिवारातून पाच मृतदेह आणि एक धुगधुगी असलेला माणूस बाहेर आला.

दुसऱ्या दिवसापासून

पंचनामा, शवविच्छेदन, गुन्हा, मदतीच्या घोषणा. या क्रमात एक कायदा बोलला जायला हवा आणि तो क्वचितच बोलला जातो. हाताने मैला साफ करण्यास मनाई करणारा कायदा संसदेने २०१३ साली केला, त्याच वर्षी ६ डिसेंबरला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनी, तो लागू झाला. त्याचं सातवं कलम फक्त नगरपरिषदेला लागू नाही. कोणत्याही व्यक्तीने, म्हणजे तुम्ही-आम्ही घरमालकांनीही, गटार किंवा शौचालयाच्या टाकीच्या धोकादायक सफाईसाठी माणूस उतरवायचा नाही. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आमच्या गल्लीत मी हे कलम सांगितलं तेव्हा निम्म्यांना वाटत होतं की हा कायदा डोक्यावरून मैला वाहण्यापुरता आहे आणि ते तर आता कुठे राहिलंय.

गोवंडीच्या तिघांच्या पत्नी मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. काम खासगी सोसायटीचं, कंत्राटदार खासगी, तेव्हा सरकारचा संबंध काय, हा प्रश्न होता. न्यायालयाने सप्टेंबर २०२१मध्ये राज्य सरकारला प्रत्येकीला दहा लाख रुपये द्यायला सांगितले. दहा लाखांचा आकडा सर्वोच्च न्यायालयाच्या २७ मार्च २०१४च्या निकालातला. सोनपेठच्या घटनेनंतर पाच महिन्यांनी, २० ऑक्टोबर २०२३ रोजी, सर्वोच्च न्यायालयानेच तो तीस लाखांवर नेला.

आणि त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, ९ एप्रिल २०२४ रोजी, विरारच्या एका मोठ्या गृहसंकुलात सांडपाणी प्रक्रियेच्या टाकीत चार कामगार मेले. पुन्हा निवासी इमारत, पुन्हा टाकी.

अजून शिल्लक असलेले तास

नवीन घर बांधणाऱ्या खेड्यातल्या माणसाला मी टाकीचा आग्रह धरू नको असंच सांगतो. दोन शोषखड्ड्यांचा संडास तिथे पुरतो : एक भरला की चेंबरमधून पाणी दुसऱ्याकडे वळवायचं, पहिला बंद ठेवायचा. दीड-दोन वर्षांत आतल्या मैल्याचं कोरडं, वास नसलेलं खत होतं, ते फावड्याने भरून शेतात टाकता येतं. ना टँकर, ना वायूची कोंडी. स्वच्छ भारत अभियानातही हाच नमुना सुचवलेला होता, पण गावागावांत लोकांनी जास्त पैसे घालून मोठमोठ्या टाक्या बांधल्या, कारण टाकी म्हणजे पक्कं काम अशी समजूत. गाडगेबाबांच्या मुलखात झाडू सगळ्यांना कळला, खड्डा मात्र समजावून सांगायचा राहून गेला.

ज्यांच्याकडे टाकी आहे त्यांनी प्रत्येक कप्प्यावर वेगळं झाकण करून घ्यावं, त्यावर फरशी बसवू नये. व्हेंट पाइप गच्चीच्या वर न्यावा, तोंडाला जाळीची टोपी. दोन-तीन वर्षांनी टँकर, तुंबण्याची वाट न पाहता. टँकरची नळी बोळातून टाकीपर्यंत पोचेल का ते आधी मोजून पाहावं. दोन नळ्या जोडता येतात, पण टँकरवाल्याला फोनवरच सांगावं लागतं.

तुळशीजवळच्या त्या टाकीचं सांगायचं राहिलं. टँकरने अर्ध्या-पाऊण तासात पातळ सगळं ओढून घेतलं. तळाला हातभर घट्ट थर उरला, नळी त्यात रुतून नुसती घरघरायला लागली. टँकरवाल्याने विचारलं, "मानूस उतरवू का? पाचशे रुपये वरचे पडतील." काका हो म्हणायच्या बेतात होते. एकदा पैसे देतोच आहोत तर काम लख्ख व्हावं, फरशीसारखा तळ दिसावा, ही घरच्या माणसाची साधी अपेक्षा.

टाकीचा तळ लख्ख करायचाच नसतो. मानकातच लिहिलं आहे की उपसा करताना थोडा गाळ मागे ठेवावा. नव्या मैल्यासाठी तोच विरजण आहे. सगळा खरवडून काढला तर टाकी पुढचे काही आठवडे नीट कामच करत नाही. ज्या शेवटच्या थरासाठी माणसं उतरवली जातात, त्यातला काही भाग तिथेच राहायला हवा असतो, आणि जास्तीचा काढायला माणूस लागत नाही. शेजारच्या मिस्त्रीने काकांना हे सांगितलं. मग नळाचा पाइप लावून टाकीत दोन ड्रम पाणी सोडलं, लांब बांबूने वरूनच गाळ ढवळला, ढवळताना सगळ्यांना झाकणापासून लांब उभं केलं, आणि टँकरची नळी पुन्हा सोडली. दोनदा असं केलं. हातभराचा थर चार बोटांवर आला. टँकरवाल्याने बांबू बुडवून, वर काढून, ओली खूण काकांना दाखवली आणि नळी गुंडाळायला घेतली.